अडतीस मिलिमीटर कुणाचे?

टूडी इकोच्या रिपोर्टात हृदयाचे कप्पे आणि झडपा यांच्या मापांमध्ये एक ओळ महाधमनीच्या मुळाची असते. डॉक्टर तिला ‘एओर्टिक रूट’ म्हणतात. समोर मिलिमीटरमध्ये आकडा असतो आणि शेजारी ‘नॉर्मल’ची छापील मर्यादा. ही मर्यादा बहुतेक ठिकाणी ३७ नाहीतर ४० मिलिमीटरला संपते. डहाणूला इको काढा, तलासरीहून वापीला किंवा सिल्वासाला जाऊन काढा, नाहीतर मुंबईत काढा, मर्यादा तीच. सहा फुटी माणसाला तीच आणि पाच फुटाला जेमतेम पोचणाऱ्या बाईलाही तीच. पंचविशीत तीच, पंचाहत्तरीतही तीच.

समजा, आकडा आला ३८. हे ३८ मिलिमीटर कुणाचे आहेत हे कळल्याशिवाय त्यांचा अर्थ लावता येत नाही. चाळीस वर्षांचा, १८० सेंटिमीटर उंच, ८५ किलोचा पुरुष असेल तर ही महाधमनी त्याच्या अंगाला शोभणारी आहे. चाळीस वर्षांचाच, पण १६० सेंटिमीटर उंचीचा आणि ४८ किलोचा पुरुष असेल, आणि असा बांधा डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर मुळीच दुर्मीळ नाही, तर ही महाधमनी त्याच्यासाठी मोठी आहे. तोच माणूस सत्तरीचा असता तर ३८ पुन्हा ठीक ठरले असते. आकडा तोच राहतो आणि निकाल दोनदा फिरतो. ४० पर्यंत सगळं नॉर्मल मानणारा छापील कागद तिघांनाही एकच उत्तर देतो.

महाधमनीचं मूळ म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्यातून रक्त बाहेर पडतं तो पहिला दोन-तीन सेंटिमीटरचा भाग. खाली झडपेचं कडं, त्यावर तीन फुगीर खिसे, मग किंचित आवळलेली कंबर आणि तिथून वर चढणारी महाधमनी. या खिशांना इटालियन शरीरशास्त्रज्ञ आन्तोनियो व्हाल्साल्व्हा याचं नाव आहे. तो १६६६ मध्ये जन्मला आणि १७२३ मध्ये वारला. त्याच्या जन्माआधी सुमारे दीडशे वर्षं लिओनार्दो दा विंचीनं याच खिशांमध्ये रक्ताचे भोवरे कसे फिरत असतील आणि त्या भोवऱ्यांनी झडप कशी मिटत असेल याची चित्रं काढून ठेवली होती. आजच्या यंत्रांनी ते भोवरे प्रत्यक्ष पाहिले आहेत. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन्ही धमन्या याच खिशांमधून निघतात. इकोमध्ये ‘रूट’ म्हणून मोजतात ती या खिशांची रुंदी, जिथे ती सर्वांत जास्त असते तिथे.

ही जागा इतक्या काळजीनं मोजण्याचं कारण तिच्या भिंतीत आहे. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा ठोके देतं आणि प्रत्येक ठोक्याला ही भिंत ताणली जाऊन परत जागेवर येते. परत येण्याची ताकद तिला इलॅस्टिन नावाच्या प्रथिनाच्या थरांमुळे मिळते. हे थर मुख्यतः गर्भात आणि बालपणाच्या पहिल्या वर्षांत विणले जातात. पुढे शरीर नवं इलॅस्टिन जवळजवळ बनवतच नाही. जन्मभर पुरवायचं ते एवढंच. वय वाढतं तसे हे धागे झिजतात, तुटतात, आणि जुनं लास्टिक सैल पडावं तशी महाधमनी हळूहळू रुंदावते. निरोगी मोठ्या माणसात हा वेग दहा वर्षांना साधारण ०.९ मिलिमीटर इतका मंद असतो. म्हाताऱ्या माणसाची थोडी रुंद महाधमनी हा म्हणूनच आजार नसतो. तीच रुंदी तिशीत दिसली तर धागे वयाच्या फार पुढे जाऊन का झिजले, हा प्रश्न उभा राहतो.

रुंदी वाढण्यात एक दुष्टचक्रही आहे. नळी जितकी रुंद आणि भिंत जितकी पातळ, तितका त्याच रक्तदाबाचा भिंतीवरचा ताण जास्त. हा नियम लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या नावानं ओळखला जातो. रुंद झालेली महाधमनी याच कारणानं आणखी रुंद होऊ पाहते. एका टप्प्यानंतर भिंतीचा आतला पदर फाटून रक्त थरांमध्ये शिरू शकतं. छातीत किंवा पाठीत अचानक, फाडल्यासारखी कळ येते. अशा वेळी तास मोजावे लागतात, आणि हृदयशल्यक्रिया होते ते मोठं रुग्णालय डहाणूपासून महामार्गानं किंवा पश्चिम रेल्वेनं बरंच दूर असतं. रुंदी आधीच ओळखणं इथे मुंबईपेक्षाही गरजेचं आहे ते या अंतरामुळे.

एखाद्या माणसाची महाधमनी किती रुंद असायला हवी हे ठरवायचा शहाणा मार्ग १९८९ मध्ये मेरी रोमन आणि रिचर्ड देव्हेरो यांच्या न्यूयॉर्कच्या गटानं घालून दिला. त्यांनी निरोगी मुलं आणि मोठी माणसं मोजली आणि शरीराच्या आकारावरून अपेक्षित रुंदी काढायची समीकरणं मांडली: मुलांसाठी वेगळं, चाळिशीच्या आतल्यांसाठी वेगळं, पुढच्यांसाठी वेगळं. २०१२ मध्ये देव्हेरो यांच्या गटानं पंधरा वर्षांवरच्या १२०७ निरोगी व्यक्तींवरून वय, लिंग आणि आकार यांना एकत्र घेणारं समीकरण दिलं. ते हातानंही सोडवता येतं. २.४२३ घ्या. वयाच्या प्रत्येक वर्षाला ०.००९ मिळवा. शरीराच्या पृष्ठफळाच्या प्रत्येक चौरस मीटरला ०.४६१ मिळवा. पुरुष असेल तर ०.२६७ वजा करा, बाई असेल तर त्याच्या दुप्पट. उत्तर सेंटिमीटरमध्ये येतं. निरोगी माणसं या उत्तराच्या आजूबाजूला पसरलेली असतात आणि त्या पसाऱ्याचं एक पाऊल ०.२६१ सेंटिमीटरचं आहे. मोजलेली रुंदी अपेक्षेपासून अशी किती पावलं दूर आहे, तो आकडा म्हणजे झेड स्कोअर. दोन पावलांपर्यंत साधारण ठीक, त्यापुढे चौकशी.

आपला १६० सेंटिमीटरचा, ४८ किलोचा, चाळिशीतला माणूस या समीकरणात घातला तर त्याची अपेक्षित रुंदी ३२ मिलिमीटर येते. ३८ म्हणजे २.३ पावलं वर. उंच माणसाची अपेक्षा ३४.६, म्हणून त्याचे ३८ फक्त १.३ पावलं वर. लहान बांध्याचा माणूस सत्तरीचा झाला की त्याची अपेक्षाही ३४.७ होते आणि तोही १.३ वर येतो. बाईचं उदाहरण आणखी बोलकं आहे. पंचवीस वर्षांची, १५० सेंटिमीटर उंचीची, ४० किलोची बाई. तिची अपेक्षित रुंदी २७ मिलिमीटर. तिच्या रिपोर्टात ३४ आले तर ते छापील मर्यादेच्या आतच आहेत आणि कुणी त्या ओळीकडे दुसऱ्यांदा पाहणार नाही. झेड स्कोअर मात्र २.६ आहे. लहान बांध्याच्या बाईचा धोका असा न दिसता राहून जातो, आणि मला वाटतं, या भागात छापील मर्यादेचा सर्वांत मोठा दोष हाच आहे.

झेड स्कोअर हे काही तलासरीला अपरिचित गणित नाही. अंगणवाडीताई दर महिन्याला हेच करते. मुलाचं वजन उंचीच्या मानानं किती हवं हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्यांवरून पाहायचं, आणि प्रत्यक्ष वजन अपेक्षेपासून तीन पावलांहून अधिक खाली असेल तर मूल ‘सॅम’, दोन ते तीन पावलं खाली असेल तर ‘मॅम’. आठ किलो वजन चांगलं की वाईट, असा प्रश्न ती कधी विचारत नाही. कुणाचं, किती उंचीच्या मुलाचं, हे आधी पाहते. ज्या डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं आणि अंगणवाडीची कल्पना मुळात रुजवली, त्या तालुक्यातल्या गावागावांत आज हा तक्ता भिंतीवर आहे. वजनाला जो न्याय आपण लावतो तो महाधमनीला लावायचा, एवढंच मागणं आहे.

पण इथेच एक खाच आहे आणि ती कुपोषणाच्या प्रदेशात फार महत्त्वाची ठरते.

शरीराचं पृष्ठफळ कुणी मोजत नाही. उंची आणि वजनावरून सूत्रानं काढतात. सर्वांत प्रसिद्ध सूत्र द्यू बॉइस यांचं, १९१६ चं. त्यासाठी ज्यांची शरीरं प्रत्यक्ष मोजली गेली ती माणसं होती नऊ. शंभर वर्षांहून जास्त काळ जगभरचे डॉक्टर त्या नऊ शरीरांवरून सगळ्यांचं पृष्ठफळ काढत आले आहेत, आणि सूत्र बऱ्यापैकी चालतंही. खरी अडचण सूत्रात वजन असण्याची आहे. वजन बदलतं. भात झोडून दिवाळी उरकली की या दोन तालुक्यांतली कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, पुरुष गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून महिनोन्‌महिने राहतात. पावसाळ्याच्या शेवटी घरातलं जुनं धान्य संपलेलं आणि नवं शेतात उभं, अशा दिवसांत वजन खाली येतं. माणूस सहा किलोंनी उतरला म्हणून महाधमनी आवळत नाही. ती आहे तेवढीच राहते, फक्त जिच्याशी तिची तुलना करायची ती बाजू लहान होते आणि निरोगी महाधमनी कागदावर मोठी दिसू लागते.

हा परिणाम कोणत्या रीतीनं किती होतो ते पाहण्यासारखं आहे. अनेक ठिकाणी समीकरणाच्या भानगडीत न पडता रुंदीला सरळ पृष्ठफळानं भागतात. पुरुषात सरासरी १.७ सेंटिमीटर दर चौरस मीटर, बाईत १.८, वर-खाली ०.४ चालेल, असा हिशोब. दिसायला सोपा, पण लहान शरीरांवर अन्याय करणारा. आपल्या ४८ किलोच्या माणसाचे ३८ मिलिमीटर असे भागले तर २.५८ येतात, म्हणजे सरासरीपेक्षा चार पावलांहून जास्त वर. समीकरण सांगत होतं २.३ पावलं. तो ४२ किलोंवर आला तर भागाकार २.७३ होतो, समीकरणात मात्र अपेक्षा अर्धा मिलिमीटरसुद्धा हलत नाही. त्या १५० सेंटिमीटरच्या बाईची महाधमनी अगदी अपेक्षेएवढी, २७ मिलिमीटर असली तरी भागाकार २.०८ येतो, म्हणजे काहीही बिघडलेलं नसताना ती मर्यादेच्या उंबऱ्याशी जाऊन बसते. याचं कारण गणितात आहे. माणसाचं आकारमान दुप्पट झालं म्हणून त्याची महाधमनी दुप्पट रुंद होत नाही. ती बरीच कमी वाढते. सरळ भागाकार या गोष्टीकडे दुर्लक्ष करतो. तेव्हा छापील मर्यादा लहान शरीरातला आजार लपवते आणि सरळ भागाकार लहान शरीरात नसलेला आजार दाखवतो. दोन्ही चुका एकाच माणसाच्या वाट्याला येतात.

मोठ्या माणसांसाठी माझा कौल उंचीच्या बाजूनं आहे. तारुण्यात एकदा गाठलेली उंची उपासानं कमी होत नाही, जेवणानं वाढत नाही. देव्हेरो यांच्या गटानं पृष्ठफळाऐवजी उंची घेणारं समीकरणही दिलं आणि त्यातला पसारा आणखी लहान आला: ०.२१५ सेंटिमीटर. १६० सेंटिमीटरच्या माणसाची त्यातली अपेक्षा ३२.७ मिलिमीटर आहे, मग तो ४२ किलोचा असो की ५५ चा. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या जॉन एलेफ्टेरियाडिस यांच्या गटानंही पुढे महाधमनी फाटण्याचा धोका सांगायला वजन वगळून फक्त उंचीनं काम भागतं असं दाखवलं. त्यांच्यापुढचा प्रश्न लठ्ठपणाचा होता: वजनामुळे अपेक्षा फुगते आणि आजारी महाधमनी ठीक वाटते. आपल्यापुढचा प्रश्न उलट टोकाचा आहे, उत्तर मात्र तेच.

मुलांमध्ये वजन पूर्ण टाळता येत नाही, कारण तिथे पृष्ठफळावरचीच समीकरणं उत्तम तपासलेली आहेत. २०१७ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या तीन हजारांवर निरोगी मुलांवरून तयार झालेल्या झेड स्कोअरमध्ये महाधमनीचं मूळ पृष्ठफळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात धरलं आहे. एक चौरस मीटर पृष्ठफळाच्या मुलाची अपेक्षा सुमारे २०.६ मिलिमीटर, पाऊल १.८ चं. आता नऊ वर्षांची दोन मुलं घ्या. एक १४० सेंटिमीटर, ३३ किलो. दुसरं १२० सेंटिमीटर, २० किलो. दोघांचं मूळ २२ मिलिमीटर. पहिल्याचा झेड स्कोअर शून्याजवळ, दुसऱ्याचा २ च्या थोडा वर. वय एकच असून वयानं काहीच सांगितलं नाही. आणि हेच दुसरं मूल काही महिने नीट जेवून २४ किलोंचं झालं, उंची तेवढीच राहिली, तर त्याच २२ मिलिमीटरचा झेड स्कोअर १.५ वर उतरतो. हडकुळ्या मुलाचा एकच वाढीव आकडा पाहून घरच्यांना घाबरवू नये, आणि तो फाडून फेकूनही देऊ नये. वजन सुधारल्यावर पुन्हा इको काढावा. मूल वाढत असताना मिलिमीटर वाढणारच. पाहायचं ते झेड स्कोअर जागेवर राहतो की वर चढतो. मोठ्या माणसात नेमकं उलटं. तिथे झेड स्कोअरच्या आधी मिलिमीटरच पाहायचे, कारण वर्षाला तीन मिलिमीटरनं, तेही सलग दोन वर्षं, वाढणारी महाधमनी वयानं वाढलेली नसते.

आकडा कुणाचा, याबरोबर आकडा कसा काढला हेही विचारावं लागतं. मोठ्या माणसात इको करताना हृदय सैल पडल्याच्या क्षणी, पुढच्या भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून मागच्या भिंतीच्या आतल्या कडेपर्यंत मोजायची पद्धत आहे. मुलांमध्ये हृदय आवळलेलं असताना, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत. या दोन पद्धतींमध्ये दोनेक मिलिमीटरचा फरक पडतो. जुन्या एम-मोड पद्धतीनं घेतलेलं मापही टूडीपेक्षा सुमारे तेवढंच कमी भरतं. दोन मिलिमीटर म्हणजे आपल्या समीकरणात पाऊण पाऊल.

याची तुलना वयाच्या चुकीशी करून पाहावी. जुन्या पिढीत खरी जन्मतारीख कुणाला ठाऊक नसते. शाळेत गुरुजींनी लिहिलेली १ जून आधारकार्डावर येते, शाळाच न पाहिलेल्यांचं वय अंदाजानं टाकलेलं असतं. त्यात दहा वर्षांची चूक असली तरी अपेक्षा ०.९ मिलिमीटरनं हलते, म्हणजे पावलाचा तिसरा हिस्सा. उंचीत पाच सेंटिमीटरची चूक झाली तर अर्धा मिलिमीटर. म्हाताऱ्या माणसाचं वय नक्की माहीत नसणं हा मोठा दोष नाही. गेल्या वर्षी एका कडेपासून आणि यंदा दुसऱ्या कडेपासून मोजणं हा मोठा दोष आहे. महाधमनी वाढली असं सांगण्याआधी दोन्ही इकोंची चित्रं शेजारी ठेवून, एकाच पद्धतीनं पुन्हा मोजली गेली पाहिजेत. रुग्णानं जुना रिपोर्ट आणि असेल तर चित्रांची सीडी जपून ठेवावी ती यासाठी. वीटभट्टीवर जाताना ती घरी कुणाकडे तरी ठेवून जावी.

झेड स्कोअर २ च्या वर गेला म्हणजे आजार ठरला असंही नाही. पूर्ण निरोगी माणसांतही शंभरात दोघांचा आकडा त्या रेषेपलीकडे असतो. रेषा आखलीच तशी आहे. आश्रमशाळेतली शेकडो मुलं तपासली तर काही निरोगी मुलं पलीकडे निघणारच. म्हणून आकड्यानंतर माणूस पाहायचा: झडप दोन पाकळ्यांची आहे का, रक्तदाब वाढलेला आहे का, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं आहे का, आणि अंगकाठी काय सांगते.

अंगकाठीबाबत या भागात दोन आजार विशेष जपून पाहावे लागतात. पहिला मार्फान सिंड्रोम, पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ आन्त्वान मार्फान यांनी १८९६ मध्ये वर्णन केलेला, साधारण पाच हजारांत एकाला होणारा. यात इलॅस्टिनच्या थरांना आधार देणारं प्रथिन सदोष असतं. माणूस उंच, हातपाय आणि बोटं लांब, डोळ्यातलं भिंग सरकलेलं, महाधमनीचं मूळ रुंद. पुस्तकातलं चित्र सहा फुटांहून उंच माणसाचं असतं. वारली किंवा कातकरी कुटुंबात सगळे १५५ ते १६० सेंटिमीटरचे असताना एकच मुलगा १७२ चा झाला तर शहरातून आलेल्या डॉक्टरला तो मुळीच उंच वाटणार नाही. त्याची तुलना त्याच्या भावंडांशी करायला हवी. दोन्ही हात पसरून मोजलेली लांबी उंचीच्या १.०५ पटीहून जास्त आहे का, अंगठा मुठीत घेतला तर करंगळीकडून बाहेर डोकावतो का, हे पाहायला यंत्र लागत नाही. आणि इथे उंचीचं माप फसवतं, हेही लक्षात ठेवायला हवं. मार्फानमध्ये उंची आजारामुळेच वाढलेली असते. तिच्यावरून काढलेली अपेक्षा वाजवीपेक्षा मोठी येते आणि रुंद मूळ ठीक वाटू शकतं. घरात मार्फान ठरलेला असेल तर वीस वर्षांवरच्या माणसात झेड स्कोअर २ आणि वीसच्या आत ३ निदानाला पुरेसा मानतात.

दुसरा टर्नर सिंड्रोम, दोन-अडीच हजार मुलींमागे एकीला होणारा. एक्स गुणसूत्रांपैकी एक नसतं किंवा अर्धवट असतं. मुलगी बुटकी राहते, पाळी वेळेवर येत नाही, आणि अनेकदा झडप दोन पाकळ्यांची व महाधमनी रुंद असते. जिथे बुटकेपणाचं कारण म्हणून कुपोषण आधीच ठरवून टाकलेलं असतं तिथे अशी मुलगी लक्षात येणं कठीण. बहिणींपेक्षा फारच बुटकी आणि पंधराव्या वर्षापर्यंत पाळी न आलेली मुलगी दिसली तर एकदा तिच्या गुणसूत्रांची तपासणी आणि इको व्हायलाच हवा. टर्नरमध्ये रुंदीला पृष्ठफळानं भागण्याची रीत चालते आणि २.५ च्या वरचा आकडा धोक्याचा धरतात. ती रीत खास या लहान शरीरांच्या निरीक्षणातून आली आहे, म्हणून तिथे तिला अर्थ आहे.

शस्त्रक्रियेचा निर्णयही आता फक्त मिलिमीटरवर होत नाही. सर्वसाधारणपणे ५५ मिलिमीटर, मार्फानमध्ये ५०, असे उंबरे आहेत. पण क्लीव्हलंड क्लिनिकच्या लार्स स्वेनसन यांच्या गटानं पुढे आणलेलं आणि २०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत आलेलं एक माप लहान माणसांच्या बाजूनं बोलतं. महाधमनीच्या छेदाचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये काढून त्याला मीटरमधल्या उंचीनं भागायचं. उत्तर दहा किंवा जास्त आलं तर शस्त्रक्रियेचा विचार करणं वाजवी. १८० सेंटिमीटरच्या माणसात हा दहाचा आकडा ४८ मिलिमीटरला येतो, १६० सेंटिमीटरच्या माणसात ४५ ला, १५० सेंटिमीटरच्या बाईत ४४ च्या आतच. ५५ ची वाट पाहत बसलेली ती बाई खूप आधीच त्या रेषेपलीकडे गेलेली असते. तिला मूल होऊ द्यायचं का, हा प्रश्नही याच आकड्याशी बांधलेला आहे, कारण गरोदरपणात महाधमनीवरचा ताण वाढतो. म्हणून लग्नाआधी, निदान पहिल्या गरोदरपणाआधी तिचं मूळ मोजलेलं असणं फार मोलाचं.

ही सगळी समीकरणं ज्या माणसांवरून बनली त्यात डहाणू-तलासरीची माणसं नाहीत. पंधरा देशांतल्या सुमारे दोन हजार निरोगी माणसांच्या एका जागतिक इको अभ्यासात भारतही होता आणि आशियाई लोकांची महाधमनी मिलिमीटरमध्ये इतरांपेक्षा लहान आढळली. पण देशाची सरासरी म्हणजे पाड्यावरच्या वारली बाईची अपेक्षा नव्हे. घोलवडच्या चिकूवाडीतला इराणी बागायतदार, किनाऱ्यावरचा मांगेला मच्छीमार आणि सायवनच्या डोंगरातला कोकणा शेतकरी, एवढे वेगळे बांधे एका तालुक्यात राहतात. आयसीएमआरचं आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र डहाणूतच आहे. इथल्या निरोगी माणसांचे इको पद्धतशीर काढून त्यांचा स्वतःचा तक्ता तयार करणं अशक्य नाही, आणि ते काम व्हावं अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

तोवर हाताशी असलेलं नीट वापरता येईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशभरचा शुभारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरलाच झाला, जिल्हा वेगळा होण्याच्या दीड वर्ष आधी. त्याची पथकं अंगणवाड्यांत, शाळांत आणि आश्रमशाळांत जाऊन मुलांची उंची-वजन घेतात आणि हृदयाचा संशय आला तर पुढे पाठवतात. त्या उंची-वजनाचे आकडे संदर्भ चिठ्ठीवर, मोजल्याच्या तारखेसह, इकोच्या टेबलापर्यंत पोचले पाहिजेत. डहाणू आणि कासा इथल्या उपजिल्हा रुग्णालयांतून किंवा तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयातून इकोसाठी बाहेर जाणाऱ्या मोठ्या माणसाच्या चिठ्ठीवर निदान उंची लिहिलेली असावी, अंदाजानं नव्हे, भिंतीला पाठ लावून अनवाणी मोजलेली. आणि इको करणाऱ्यानं छापील मर्यादेच्या जागी तीन गोष्टी लिहाव्यात: कुठल्या कडेपासून मोजलं, अपेक्षा किती होती, झेड स्कोअर किती आला. ज्याचा आकडा खरोखर वाढलेला निघेल त्याच्या आई-वडिलांचा, भावंडांचा आणि मुलांचाही इको काढायचा असतो, कारण यातले बरेच आजार घरात उतरतात. त्यांच्यातलं कुणी वीटभट्टीवर असेल, कुणी बोटीवर. होळीला सगळे घरी येतात, तेव्हा त्या आठवड्याची तारीख आशाताईनं आधीच मागून ठेवावी.